सॉफ्टनरचं वाळवण

पाणी मऊ असतं हे मला या वयात कळलं. आजवर गादी मऊ, लोणी मऊ आणि आमच्या ह्यांचा स्वभाव मऊ, एवढंच ठाऊक होतं. पण सूनबाईच्या माहेरचं पाणी मऊ आहे आणि आपल्या घरचं जड आहे, असं तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. कडेवर ठकूबाई होती. ठकूबाई म्हणजे माझी नात. तिला अजून एकही दात नाही, पण घरातला शेवटचा शब्द तिचाच असतो. तिच्या गालांवर, मानेवर, कोपराच्या वळ्यांत लाल पुरळ उठलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे असू शकतं," सूनबाई म्हणाली. "आई, मी हिला घेऊन थोडे दिवस माहेरी जाते. रविवारी दादा गाडी घेऊन येतोय."

"थोडे म्हणजे किती?"

"बघू."

हा 'बघू' मी चांगला ओळखते. उभा जन्म तो मीच वापरत आले आहे. मुलानं सायकल मागितली की मी 'बघू' म्हणायचे. त्याला आता मुलगी झाली, सायकल काही आली नाही.

दुसरी एखादी सासू असती तर डोळ्याला पदर लावून म्हणाली असती, "जाऊ नकोस गं, पोरीशिवाय मला करमायचं नाही." ते वाक्य मला येत नाही असं नाही. पण माझ्या तोंडून ते निघत नाही. घशापर्यंत येतं आणि तिथं त्याला कुणीतरी अडवतं. तो अडवणारा माझाच मान असावा. म्हणून मी म्हटलं, "पाण्याचंच ना? त्यात काय मोठं! आपण पाणी मऊ करू. रविवारच्या आत."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. तिला आणखी काही हवं होतं असं वाटलं, पण मी तोवर धुण्याच्या बाल्कनीकडे निघालेही होते.

तिथं आमचं यंत्र आहे. सॉफ्टनर म्हणतात त्याला. एक निळा नळकांड्यासारखा खांब, त्याच्या डोक्यावर दांडीचा व्हॉल्व्ह आणि शेजारी झाकणाचं पांढरं पिंप. ते कैक वर्षं बंद होतं, पण रिकामं बसलेलं नव्हतं. कुणी रिकामं बसलेलं मला बघवत नाही, मग ते यंत्र का असेना. दांडीला मी फडकं अडकवायचे, खांबाच्या गळ्यात कपड्यांच्या दोरीचं एक टोक, आणि पिंपात जुन्या गोधड्या. चालू असताना त्यानं घरासाठी इतकं केलं नव्हतं.

चिरंजीव ऑफिसला निघता निघता म्हणाले, "आई, ते भंगारात दे. नवीन घेऊ."

"नवीन कधी?"

"बघू."

झालं! रक्त आहे शेवटी.

मग मी ह्यांना विचारलं, हे यंत्र करतं तरी काय? यंत्र ह्यांनीच आणलेलं. ह्यांनी चष्मा पुसला. साधी गोष्ट सांगायची असली की हे आधी चष्मा पुसतात. "त्या खांबात बारीक मणी असतात," हे म्हणाले. "पाण्यातला क्षार ते धरून ठेवतात. मण्यांचं पोट भरलं की मिठाच्या पाण्यानं त्यांना धुवायचं. मग ते क्षार सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात."

"म्हणजे पाणी चांगलं व्हावं म्हणून पाण्यात मीठ घालायचं?"

"तसंच."

"आणि हे तुम्हाला दुकानदारानं सांगितलं, आणि तुम्ही हो म्हणालात?"

हे पेपर वाचायला गेले.

आता यंत्राचा माणूस शोधणं आलं. आमच्या इमारतीला एकच प्लंबर ठाऊक आहे. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही, सगळे त्याला 'आत्तायेतो' म्हणतात. कारण काम अर्ध्यावर आलं की त्याचा फोन वाजतो आणि तो "आत्ता येतो" म्हणून जातो. वरच्या मजल्यावरच्या एका घरात त्यानं बेसिन काढून ठेवलं होतं. त्या घरातलं लग्न ठरलं आणि पार पडलंही, बेसिन भिंतीला टेकूनच होतं.

पण तो आला. दोन खिशांत दोन फोन आणि हातात एक पाना. खांबाचं डोकं फिरवून काढलं, आत वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, मणी घाण झालेत."

मी कुणाची मावशी? माझ्या बहिणीचा मुलगा आहे, तो बोलावल्या वेळेला येतो. पण गरज माझी होती, गिळलं.

त्यानं खांब आडवा करून सगळे मणी माझ्या मोठ्या घमेल्यात ओतले. बाई गं! मोहरीएवढे सोनेरी तपकिरी दाणे, पण सगळे चिखलात लोळलेले. "हे स्वच्छ धुऊन ठेवा," तो म्हणाला, आणि फोन वाजला. "मी आत्ता येतो."

तो जिना उतरला आणि मी बाह्या सरसावल्या. शाळेत मी फार दिवस टिकले नाही, पण दाणा कसा साफ करावा हे मला कुणी शिकवायला नको. पाणी घातलं, चोळलं, वरचं गढूळ ओतलं, पुन्हा पाणी घातलं. नितळ पाणी येईपर्यंत सोडलं नाही. शेवटी दाणे असे चमकायला लागले की दृष्ट काढावी.

आणि धुतल्यावर माणूस काय करतो? वाळवतो.

तरी मी विचारून केलं. वरच्या मजल्यावर बोगदेसाहेब राहतात. त्यांनी आयुष्यभर डोंगरांतून बोगदे खणले, आणि आता निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या कामात खणतात. ते गॅलरीतून वाकून बघतच होते. मी म्हटलं, "काय हो, हे उन्हात घालू ना?"

"वहिनी, घाला म्हणजे काय, घालायलाच हवं!" ते म्हणाले. "मटेरियल कुठलंही असो, ओल राहता कामा नये. ओलीनंच बोगदे बसतात."

गच्चीवर जुनी चादर पसरली, दाणे हातानं सारखे केले, कडेला दगड ठेवले. दुपारी उलथेपालथे केले. संध्याकाळी सूप घेऊन बसले आणि पाखडले. फुटके, पोकळ, हलके सगळे उडवले. दोन खडे निघाले तेही वेचले. कबुतरं आली होती. एकानं एक दाणा उचलला, चोचीत फिरवला, टाकला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्याला जेवायला बोलावून फसवलं. मी ह्यांना काठी देऊन राखणीला बसवलं. हे काठीला टेकून झोपले.

तेवढ्यात सेक्रेटरीबाई वर आल्या. इमारतीच्या सेक्रेटरी. पूर्वी त्या शाळेच्या हेडबाई होत्या आणि अजून आम्हा सगळ्यांना वर्गातच बसवतात. तळमजल्यावर दाराशी त्यांच्या गुलाबांच्या कुंड्या आहेत. त्यांच्याशी त्या जेवढं गोड बोलतात तेवढं सख्ख्या मुलाशी बोलत नसतील.

"कसली डाळ घातलीत हो वाळत?" त्यांनी विचारलं.

"यंत्राची," मी म्हटलं.

मी खरं तेच सांगितलं. त्यांना वाटलं मी टोमणा मारला. मान वळवून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशीही ऊन दाखवलं. घमेलंभर होतं ते वाळून अर्ध्यावर आलं. मला वाटलं, कबुतरांनी शेवटी खाल्लंच. ह्यांना त्यावरून चार शब्द ऐकवलेसुद्धा. ते मी परत घेत नाही, दुसऱ्या एका चुकीच्या खात्यात जमा केले आहेत.

शुक्रवारी आत्तायेतो आला. मी त्याच्यासमोर घमेलं ठेवलं आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. त्यानं एक दाणा चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेला.

"मावशी, हे वाळवलं कुणी?"

"मी."

"का?"

"का म्हणजे? धुतलेलं वाळवायचं नाही?"

"अहो, हे कायम ओलं ठेवायचं असतं! वाळलं की आकसतं. आणि आता एकदम पाणी लागलं की तडकून भुगा होईल याचा."

"मग तू सांगायचं नाहीस?"

"मी धुवा म्हणालो. वाळवा कुठं म्हणालो?"

"अरे, वाळवा हे काय वेगळं सांगावं लागतं? तुझी बायको काय ओले कपडे घडी करून कपाटात ठेवते?"

त्यानं जरा विचार केला. "कधी कधी ठेवते."

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. पण सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिच्यामागे, आतल्या खोलीत, पलंगावर बॅग उघडी पडली होती. ठकूबाईची इवलीशी झबली घडी करून त्यात गेलेली मला दिसली. माझा आवाज आपोआप खाली आला. "बरं बाबा, चुकलं असेल. पण यावर काही उपाय?"

"उपाय एकच. एकदम साधं पाणी नाही द्यायचं. दाट मिठाच्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे हळूहळू फुगतील. वाचले तर वाचले." फोन वाजला. "आत्ता येतो."

हे मीठ आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, एवढं मीठ कशाला? ह्यांना खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायची लाज वाटली, म्हणून हे नुसतं हसले. तेव्हापासून तो दुकानदार आमच्या घरात कुणाला तरी बरं नाही असं समजतो आणि फार हळुवारपणे वागतो.

मणी भिजवले. भिजवणं मला येतंच. पण या भिजवणीत जीव अडकला होता. सारखं जाऊन झाकण उचलून बघत होते. सकाळी बघते तर घमेलं पुन्हा काठाशी! आजारी माणसानं डोळे उघडून कूस बदलावी तसं वाटलं. थोडे फुटले होते, पण थोडे तर प्रत्येक घरात फुटतातच.

शनिवारी आत्तायेतोनं ते खांबात भरले, डोकं बसवलं, पाणी सोडलं. मी सूनबाईला म्हटलं, "बघ आता." ती म्हणाली, "बघते." एवढ्यात न्हाणीघरातून ह्यांची हाक आली.

"अगं, माझा दात पडला!"

हे चूळ भरत होते. तळहातावर काहीतरी घेऊन आले. मी बघितलं, आत्तायेतोनं बघितलं, सूनबाईनं बघितलं. तो दात नव्हता, मणी होता. मग स्वयंपाकघरातल्या नळातून मणी आले, मोरीच्या नळातून आले. फुलपात्रात पाणी घेतलं की तळाशी सोन्याचे दाणे. एखाद्या राजाच्या घरी शोभावं असं दृश्य, फक्त आम्हाला त्या पाण्यात भात शिजवायचा होता.

"तळाची जाळी गेली," आत्तायेतो म्हणाला. जसा काही त्याला हे आधीपासून माहीत होतं. पुन्हा खांब आडवा, पुन्हा घमेलं. या वेळी मात्र मी घमेल्याला हात लावला नाही. जाळी बदलली. पिंपातल्या गोधड्या निघाल्या, त्यांच्या जागी मीठ गेलं, पाणी गेलं. मग त्यानं यंत्राची एक नळी माझ्या हातात दिली.

"ही मोरीत सोडा. मी दांडी धुण्यावर फिरवली आहे. आता खारट चव जाईपर्यंत पाणी वाहू द्यायचं. चव गेली की दांडी 'चालू'वर. संपलं."

"वाहू द्यायचं म्हणजे? कुठं?"

"गटारात."

"सगळं?"

"सगळं." फोन वाजला.

आता माझं ऐका. पाणी दिवसातून किती वेळ येतं, त्यासाठी मी किती वेळा उठले आहे, हे मी सांगत बसत नाही. पण माझ्या घरात भाजी धुतलेलं पाणी फरशीला जातं आणि फरशीचं पाणी जिन्याला. नळ ठिबकला तर मी झोपेतून उठते. आणि हा कालचा पोरगा मला सांगतो, नळी मोरीत घाला आणि बघत बसा!

मी बादली लावली. बादली भरली, दुसरी लावली. मग टब, पातेली, घागर, कुकर, ठकूबाईचं अंघोळीचं घंगाळ. घरातलं भांडंन् भांडं भरलं. भांडी संपली तशी मी दांडी 'चालू'वर आणून ठेवली. एक थेंब वाया घालवला नाही.

मग प्रश्न आला, या पाण्याचं करायचं काय? मनात आलं, सेक्रेटरीबाई माझ्यावर रागावल्या आहेत. त्यांच्या गुलाबांना पाणी घालावं. चार बादल्या पाणी घालणाऱ्या माणसावर कोण किती दिवस रागावेल? मी आणि हे मिळून बादल्या खाली नेल्या आणि एकेका कुंडीला मनापासून पाजलं.

रविवारी सकाळी जिन्यात आरडाओरडा झाला म्हणून खाली गेले. गुलाबांनी माना टाकल्या होत्या. पानं अशी लोंबत होती जशी काही त्यांना निकाल कळला आहे. सेक्रेटरीबाईंनी मातीला बोट लावलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. वर्गात उभं करणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"हे मीठ कुणी घातलं?"

"मीठ नाही घातलं," मी म्हटलं. "पाणी घातलं."

तासाभरात फळ्यावर नोटीस लागली. हे मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक शब्दागणिक त्यांचा आवाज बारीक होत होता. 'यंत्रातून निघणारे द्रव सार्वजनिक कुंड्यांत टाकू नये. ते फक्त गटारातच सोडावे. त्यासाठी समितीकडे नकाशासह अर्ज करावा.' नकाशा बोगदेसाहेबांनी काढून दिला. मोरीपासून गटारापर्यंत हातभर अंतर, पण त्यांनी त्यात हवा खेळती राहण्यासाठी दोन झडपा आणि आणीबाणीची वाट दाखवली होती. सेक्रेटरीबाईंना त्यातलं काही कळलं नाही, म्हणून त्यांनी ताबडतोब सही केली.

माझा मान तिथंच जिन्यात पडून राहिला होता. तो उचलून मी वर आले तोवर दादा आला होता. सूनबाईचा भाऊ. सज्जन मुलगा, बसायला सांगितल्याशिवाय बसत नाही. बॅग दाराशी होती. ठकूबाईला टोपडं घातलेलं होतं आणि ती टोपड्याची नाडी चघळत होती.

मी त्याला चहा दिला. यंत्राच्या पाण्याचा पहिला चहा. म्हटलं, आता याच्याच तोंडून बहिणीला कळू दे. त्यानं घोट घेतला. डोळे जरा मोठे झाले. मग दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि सगळा कप संपवला.

"छान आहे," तो म्हणाला, आणि पाणी मागितलं. पाणी प्यायला आणि त्याचे डोळे पुन्हा मोठे झाले.

सूनबाईनं त्याच्या हातातला पेला घेऊन चव बघितली. मीही बघितली. समुद्र!

ती खाली वाकून बॅग उचलायला लागली.

"गाडीत पेट्रोल आहे ना?" मी दादाला विचारलं.

"आहे."

"टायरमध्ये हवा?"

"आहे, मावशी."

"उन्हाचं निघू नये लहान मुलाला घेऊन."

"आई, ढग आलेत," सूनबाई म्हणाली.

ढगसुद्धा त्याच दिवशी यायचे होते. ठकूबाईनं नाडी तोंडातून काढली, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. मी घेतलं तिला. आणि ते वाक्य, जे कैक दिवस घशात अडकून बसलं होतं, ते धक्का मारून बाहेर पडलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"पाणी खारट आहे," मी म्हटलं. "मऊबिऊ काही झालं नाही. मला नाही जमलं. पण तू जाऊ नकोस. ही गेली तर मी दिवसभर करू काय? आणि तू... तूसुद्धा जाऊ नकोस. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला अन्न पचत नाही."

हे चष्मा पुसायला लागले. दादा छताकडे बघायला लागला.

सूनबाईनं बॅग खाली ठेवली. "आई, हे तुम्ही आज सांगताय?"

"मग कधी सांगू?"

"त्या दिवशी! मी दारात किती वेळ उभी होते. म्हटलं, आई थांब तरी म्हणतील, नाहीतर जा तरी म्हणतील. तुम्ही म्हणालात, पाणी मऊ करू."

"तेच तर म्हणत होते मी," मी म्हटलं.

ती हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही, माझ्याच डोळ्यांत ठकूबाईचं बोट गेलं होतं. मग तिनं ओढणी कमरेला बांधली आणि तरातरा धुण्याच्या बाल्कनीत गेली. पिंपात बघितलं, दांडीकडे बघितलं, नळी उचलली.

"काल हे पाणी किती वेळ सोडलं होतं?"

"भांडी भरेपर्यंत."

"आणि मग?"

"मग भांडी संपली."

"चव गेली होती?"

चव कशाला बघू? बघायला भांडं कुठं रिकामं होतं?

"आई," ती म्हणाली, "मणी अजून मिठातच बसलेत. त्यांना नीट धुऊ तरी द्या." तिनं नळी मोरीत घातली आणि दांडी फिरवली.

पाणी सुटलं. चांगलं बोटभर जाड धारेनं, खळखळत, सरळ मोरीत आणि मोरीतून गटारात. ती अधूनमधून बोट लावून चव घ्यायची आणि मान हलवायची, अजून नाही. धार चालूच. खाली गटाराचा आवाज येत होता. मी ठकूबाईला ह्यांच्याकडे दिलं. उगाच नाही, हात मोकळे हवेत म्हणून. आणि सूनबाईची पाठ वळल्याबरोबर माझा हात दांडीकडे गेला.

चट्! हातावर चापट बसली.

"आई! हात मागे."

लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझ्या हातावर चापट मारायची कुणाची छाती झालेली नाही. हे दारातून बघत होते, ते ठकूबाईसकट दोन पावलं मागे सरकले. मी सूनबाईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि वाहून जाणाऱ्या त्या पाण्याकडे बघत तिच्या शेजारी उभी राहिले.

आतल्या खोलीत दादा बॅगेतली झबली एकेक काढून पलंगावर ठेवत होता.